उजवा डोळा

बिबवेवाडीच्या पतसंस्थेत, तिजोरीच्या खोलीबाहेर
साडेपाच फुटांवर ठेवलाय तो मासा.
अरोवाना. चंदेरी. हातभर लांब.
वास्तुवाला म्हणाला होता ईशान्य,
सुताराने ऐकलं उंच.
कुदळे शिपाई त्याला शेठ म्हणतात.

मी दर दुसऱ्या शनिवारी येतो,
बादली, पाइप, जुना टूथब्रश, खड्याचं मीठ.
या खेपेला शटर अर्धं वर असतानाच कुदळे म्हणाले,
"शेठचा उजवा डोळा पडलाय."

पडला नव्हता. खाली वळला होता.
जिन्यात किल्ली पडली की माणूस थबकून बघतो
तसा, पण एकच डोळा,
आणि किल्ली सापडतच नाही.
डावा अजून सरळ, समोरच्या भिंतीवरच्या व्याजदरांवर.

"कारण काय?" रासकरबाईंनी विचारलं,
थकलेल्या हप्त्याचं विचारतात त्याच आवाजात.

कारण एक असतं, बाई, तर बिलात लावलं असतं.
तुमचे संचालक येतात, हौसेने कोंबडीची कलेजी टाकतात.
चरबी डोळ्याच्या मागे साठते आणि रेटते
असं आमच्यातले जुने म्हणतात, मी फाडून पाहिलेलं नाही.
उरलेले तुकडे तळाला जातात. शेठ तळाला बघतो.
वाळू नको म्हणालात, साफ दिसावं म्हणून,
तर त्या उघड्या काचेत दुसरा शेठ
पोटाखालून याच्याकडे बघत असतो,
आणि याला भाऊबंद खपत नाहीत.
गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी गढूळ, शनिवारी टँकरचं.
डोळ्यावर पांढरं धुकं आलं असतं
तर मी पाण्याला धरलं असतं.
खोबणीतून फुगून बाहेर आला असता तर जंतूला,
नाहीतर कुदळेंच्या टॉर्चला:
जिवंत आहे का बघायला रात्री मारतात,
तो दचकून काचेवर आपटतो.
(कुदळेंनी इथे खिडकीबाहेर बघितलं.)
पण हे तसलं नाही.

त्याचं तोंड बघा, वरच्या बाजूला उघडतं, सुपासारखं.
त्याच्या नदीत जेवण डोक्यावर असतं,
फांदीवरून घसरलेला किडा,
तो अंगभर उडी मारून घ्यायचा.
इथे वर काय? ट्यूब. झाकण.
झाकणावर सन दोन हजार सोळाच्या पावत्यांचे गठ्ठे.
बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं खाली:
काउंटर, चपला,
ठेव मोडायला आलेल्यांचे भांग.

"वर येईल?"
माहीत नाही, म्हणालो. पैसे अर्धेच घेतले.

तीन बाजूंना काळा कागद लावला. वाळू टाकली.
कलेजी बंद, आठवड्यातून एक दिवस उपास,
गठ्ठे उचलून रासकरबाईंच्या टेबलाखाली.
आणि पाण्यावर सोडला एक चेंडू,
टेबल-टेनिसचा, नारिंगी, बायकोच्या शाळेतला.
वर काहीतरी हलतं आहे
एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ.

लोक विचारतात, चेंडू कशाला?
कुदळे एकाला सांगतात नवस आहे,
दुसऱ्याला, मुदत ठेवीवर फ्री.
एका आजोबांना मात्र खरं सांगितलं,
मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी.
ते पासबुक खिशात घालून उभे राहिले मान वर करून,
त्यांचा नंबर पुकारून झाला, पुढचाही झाला.

चार महिने झाले.
कुदळे म्हणतात डोळा गव्हाएवढा वर आलाय.
मला दिसत नाही. मी तसं म्हणत नाही.

काल बादली भरत होतो, तर डोक्यावर टक् झालं.
चेंडू झाकणाला लागून पुन्हा पाण्यात.
रासकरबाई नोटा मोजता मोजता आकडा विसरल्या.
शेठ चेंडूखाली ताठ उभा होता, तोंड उघडं,
डावा डोळा वर, लख्ख.

उजवा तेवढा
कुदळेंच्या चपलांवर.